वर्णनासह

नव्या चित्रपटांच्या मांडणीत एकोणतीस डिस्क होत्या. सतरा सगळ्यात भारी फोर-के, त्यांच्या खालोखालच्या नऊ ब्लू-रे, आणि अगदी खालच्या कप्प्यात, कुणाची नजर जाऊ नये अशा, तीन डीव्हीडी. सूचनाबाईंनी एकेक उलटी करून मागची बाजू जमेल तेवढी वाचली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी वर्णन आहे, असं छापलेल्या दोन निघाल्या. दोन्ही लहान मुलांच्या.

सूचनाबाई हे नाव त्यांना बसस्थानकाने दिलं होतं. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार, ते भोंग्यावरून बाईच सांगत, निवृत्त होईपर्यंत. घरीही तेच काम. नवरा वायरमन; चाळिशीत त्यांचे डोळे हळूहळू गेले, चित्रपटांचं वेड मात्र गेलं नाही. थिएटरात बाई त्यांच्या कानाशी लागून पडद्यावरचं सगळं सांगायच्या आणि पुढच्या रांगेतले लोक मागे वळून खाऊ की गिळू असे बघायचे. म्हणून दोघं डिस्कवर आले. काही डिस्कवर वर्णनाचा वेगळा आवाज असतो. दोन संवादांच्या मधल्या जागेत कुणीतरी सांगतं, आता तो उठला, आता तिने पत्र फाडलं. गेल्या वर्षी बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून डिस्कवरच्या त्या आवाजावाचून या घराचं पान हलत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सलग बोलायचं तर दिवसातून एकदाच, तेही दहा मिनिटांवर नाही. उरलाय तेवढा आवाज जपा, गेला तर परत यायचा नाही.

"त्या खुनाच्या गोष्टीचा हा तिसरा भाग घ्या, काकू." बोलणाऱ्या तरुणाच्या खिशावर 'सल्लागार' असा बिल्ला होता. "पहिले दोन आवडले ना? मग हा फोर-केच घ्या. चित्र चौपट स्वच्छ. आरशावरचे बोटांचे ठसे मोजता येतील."

"साधी डीव्हीडी?" बाईंचा आवाज सुपात धान्य घोळल्यासारखा आला.

"या भागाची निघालीच नाही. कोण घेतं हो आता?"

"पहिल्या दोन्हींत वर्णन होतं. यात आहे?"

मागचा मजकूर काळ्यावर चंदेरी होता, मुंगीच्या पायाएवढा. बाईंचा चष्मा त्याच्यापुढे हरला. सल्लागाराने तो वाचायचे कष्टच घेतले नाहीत.

"सगळं असतं, काकू. खालच्यात जे मिळतं ते वरच्यात असतंच. नाहीतर तिला वरची कशाला म्हणायचं?"

"घेऊन टाक," शेजारी उभे असलेले वायरमन हसत म्हणाले. "ठसे मी मोजतो."

घरचा प्लेअर जावयाने दिलेला होता, तिन्ही जातींच्या डिस्क मुकाट गिळणारा. आवाजांची यादी उघडली तर अकरा पर्याय. बाईंनी एकेक लावला. दहा भाषा झाल्या. अकराव्यावर संवादांचा आवाज बारीक झाला आणि एक माणूस शांतपणे बोलू लागला. वायरमन सावरून बसले.

"या प्रसंगात मी मुद्दाम निळा प्रकाश वापरला," तो माणूस म्हणाला. "त्या वेळी मी फार एकटा होतो."

"हा कोण?"

"दिग्दर्शक."

"बरं. जिन्यावर कुणीतरी आहे ना? पायरी वाजली."

"ते तो सांगत नाहीये. स्वतःबद्दल सांगतोय."

दुसऱ्या दिवशी दोघं डिस्क घेऊन दुकानात.

"सील फोडलंय, काका. परत नाही घेता येणार. चित्रात काही दोष आहे का? अडकतं, थांबतं?"

"चित्राचं मला काय विचारतोस?" वायरमन म्हणाले.

दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर तोच चित्रपट चालू होता. बाईंनी शेजारचा 'आमचा सल्ला' लिहिलेला पुठ्ठा उचलला आणि सल्लागाराला पडदा दिसू नये असा धरला.

"सांग, काय चाललंय."

पावलं वाजली. दार कुरकुरलं. काहीतरी जड पडलं. एका बाईचा श्वास अडकला.

"कुणीतरी आलं," सल्लागार म्हणाला.

"कोण?"

"म्हणजे... खून झाला बहुतेक."

"कुणाचा?"

त्याने मान वाकडी करून कडेने बघायचा प्रयत्न केला. बाईंनी पुठ्ठा तिकडे सरकवला. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"पटतंय हो, काकू. पण कंपनीने घातलंच नाही त्याला मी काय करू?" तो अगदी मनापासून बोलत होता. "त्यापेक्षा तुम्हीच सांगा ना त्यांना शेजारी बसून. तेवढं तर करू शकता."

वायरमनचं हसू मावळलं. "अरे, तिचा आवाज..." बाईंनी त्यांचा दंड दाबला.

"चला."

रस्ताभर त्या धुमसत होत्या. "चौपट चित्राला जागा आहे. स्वतःचा डंका पिटायला जागा आहे. तुमच्यासाठी मेला एक आवाज घालायला जागा नाही."

"इतकं बोलू नकोस."

"बोलणार."

संध्याकाळी त्यांनी डिस्क लावली आणि खुर्ची नवऱ्याच्या खुर्चीला टेकवली.

"दहा मिनिटं," वायरमन म्हणाले. "बाकीचं उद्या."

"म्हणजे बारा दिवस तो खुनी जिन्यावरच ताटकळणार."

"ताटकळू दे. शेवट नाही कळला म्हणून मी उपाशी मरत नाही."

"तुम्हाला कळावा की नाही, ते त्यांनी ठरवायचं?"

वायरमननी चाचपडत बटण बंद केलं. बाईंनी चालू केलं. त्यांनी पुन्हा बंद केलं, बाईंनी पुन्हा चालू केलं. मग त्या ताठ बसल्या, गाडी लागायच्या वेळी बसायच्या तशा.

"जिना लाकडी. पाचव्या पायरीवर ओल्या बुटाचा ठसा. वर दिवा आहे, पण खोलीत कुणी नाही."

तासाभराने आवाज चिरकायला लागला. वायरमननी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. बाईंनी तो काढून स्वतःच्या मांडीवर धरून ठेवला आणि पुढे सांगत राहिल्या. शेवटच्या चार मिनिटांत एकही संवाद नव्हता, नुसतं संगीत. खुनी कोण, तो कुठे बसलाय, त्याने हात कसे पुढे केले, हे सगळं त्यांनी सांगितलं. पडद्यावर नावं सरकू लागली, तीही वाचली.

सोमवारी डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे स्टॉपवॉच लावून त्यांना एका श्वासात, आवाज टिकेल तोवर, 'आ' म्हणायला सांगितलं. मागच्या महिन्यात अकरा सेकंद भरले होते. या वेळी सात.