फळीवरचे पाच कप

नटाने डबीतून गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि ती तशीच ठेवून आपलं वाक्य सुरू केलं, "आमच्या बहिणीची माया बघा, माझा कप ती उकळत्या पाण्यातून..." आणि तिथेच तो अडला. त्याचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं.

"थांबा, थांबा. ही कडू आहे."

स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभी असलेली नऊ माणसं खो खो हसली. हसण्यासारखंच होतं. जेवणानंतर सहा टेक झाले होते आणि सहाही वेळा या गृहस्थाने गोळी फार गोड लागते म्हणून कुरकुर केली होती.

"घ्या! मघाशी गोड नको, आता कडू नको," कॅमेरामन म्हणाला. "उद्यापासून खारट देऊ."

दिग्दर्शक तेवढा हसला नाही. मॉनिटरसमोरची खुर्ची मागे ढकलून, वायरी ओलांडत तो थेट कॅमेऱ्याच्या चौकटीत घुसला.

"थुंक. आधी थुंक ती. गिळली नाहीस ना?"

नटाने गोळी तळहातावर काढली. दिग्दर्शकाने ती बघितली, टेबलावरची डबी उचलली, भिंतीकडे वळवलेलं लेबल आपल्याकडे फिरवून वाचलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"ही इथे कुणी ठेवली?"

"मी," ताई म्हणाली.

ताई म्हणजे दिग्दर्शकाची सख्खी थोरली बहीण. तो ताई म्हणतो म्हणून सगळं युनिट तिला ताई म्हणत असे. ती मात्र चारचौघांत त्याला खुशाल बारक्या म्हणून हाक मारी. तिचं काम कंटिन्यूइटीचं. एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंत खोलीतलं काहीही बदलता कामा नये, एवढंच ते काम. कपाचा कान कुठल्या बाजूला, घड्याळात किती वाजलेत, डबीत गोळ्या किती, सगळं तिच्या वहीत. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, असं लोक म्हणत आणि तीही ते मान हलवून कबूल करी.

सिनेमा एचआयव्ही झालेल्या एका माणसाचा होता. त्याच्यावर जीव टाकणारं आणि त्याला हात लावायला घाबरणारं त्याचं घर, आणि त्यातून होणारी गंमत. असल्या विषयावर लोकांना हसवायचं म्हटल्यावर एकही मोठा निर्माता फिरकला नाही, म्हणून एका मित्राच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये मोजक्या माणसांत शूटिंग चाललं होतं. पटकथा बारक्याने स्वतः लिहिली होती.

"जेवणानंतर टेबलावर डबी नव्हती," ताईने सांगितलं. "तुझा चष्मा आणायला गेले तर तुझ्या बॅगेच्या कप्प्यात दिसली. म्हटलं, स्वारीने विसरून ही पण बॅगेत टाकली. वहीत एकोणीस गोळ्या होत्या आणि डबीत निघाल्या आठ. मग बशीतल्या जास्तीच्या साखरेच्या घालून एकोणीस केल्या. प्रत्येक टेकनंतर एकेक भरत होते. माझं काय चुकलं?"

तेवढ्यात सामान सांभाळणाऱ्या बाईंनी स्वतःच्या ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि जीभ चावली. "अगंबाई! आपली डबी तर माझ्याकडेच राहिली."

दोन्ही डब्या शेजारी ठेवल्या तर आई ओळखणार नाही अशा सारख्या. गोळ्याही तशाच. त्या या बाईंनी पिठीसाखरेच्या साच्यातून पाडल्या होत्या आणि दिग्दर्शकाने तीनदा परत पाठवल्या होत्या. रेघ मधोमध हवी, कडा अशी गोल हवी. इतकी कसली ही बारकाई, म्हणून बाई वैतागल्या होत्या.

नट तळहातावरची अर्धी विरघळलेली गोळी निरखत होता. या भूमिकेसाठी तो दीड महिना दवाखान्यातल्या अशाच रुग्णांबरोबर बसला होता. त्याने दिग्दर्शकाकडे एकदाच पाहिलं.

"एका गोळीने काही होत नाही," दिग्दर्शक हळू म्हणाला. "तरी मी डॉक्टरांना विचारतो. माझी आहे ती."



"बरं झालं," नट म्हणाला आणि बेसिनपाशी चूळ भरायला वळला. "गोड गोळीवर कडवट तोंड करत होतो मी इतके दिवस. आता जमेल."

ताईला काही ऐकू येत नव्हतं. कुणीतरी कानाखाली वाजवावी तसं तिचं डोकं सुन्न झालं होतं. वही छातीशी धरून ती बारक्यामागोमाग मेकअपच्या खोलीत गेली. त्याने दार लावून घेतलं, वर्तमानपत्र पसरलं आणि डबी त्यावर पालथी केली. अठरा गोळ्या.

त्याने डॉक्टरांना फोन लावला. काळजीचं कारण नाही, असं कळल्यावर फोन खाली ठेवला.

"सात माझ्या, अकरा साखरेच्या," तो म्हणाला. "नवीन डबी सोमवारी मिळेल. आजची घ्यायची वेळ झाली आहे."

"कधीपासून?"

"सात वर्षं."

"आईला माहीत आहे?"

"आहे."

ही दुसरी चपराक. आई भाजी निवडता निवडता जगभरचं बोलायची, आणि सात वर्षं हे एवढं पोटात ठेवून बसली होती. ताईचा आवाज चढला.

"म्हणजे मीच तेवढी परकी? लहानपणी तुझं शेंबडं नाक पुसलं मी. मला का नाही सांगितलंस?"

तिच्या छातीशी धरलेल्या वहीकडे बघत तो म्हणाला, "पटकथा वाचून सगळ्यांत जास्त तू हसलीस, ताई. ही बहीण कसली वेडपट आहे, म्हणालीस. मला वाटलं होतं, तुला आठवेल."

"काय आठवेल?"

"फळीवर कप किती लिहिलेस?"

तिने वही उघडली नाही. पाच. पहिल्याच दिवशी बाईंनी सहाचा सेट आणला होता, आणि बारक्याने एक कप काढून आत ठेवून दिला होता. का, ते कुणी विचारलं नव्हतं. तिने आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: कप पाच.

सात वर्षांपूर्वी बारक्याचा चष्मेवाला मित्र घरी चहा पिऊन गेला होता. त्याला काय झालंय ते दुपारी शेजारणीने सांगितलं, आणि ताईने त्याचा कप चिमट्याने उचलून, कागदात गुंडाळून बाहेरच्या कचऱ्यात नेऊन टाकला. मग चिमटाही उकळला. घरचा सेट तेव्हापासून पाचाचा. बारक्या तेव्हा दारात उभा होता. जगाचे कप मोजणारी ती, हा एक कप साफ विसरून गेली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"त्याच आठवड्यात माझा रिपोर्ट आला," तो म्हणाला.

ताई कागदाजवळ बसली. माफी मागावी तर ती त्या मित्राचीही मागायला हवी होती, आणि तो आता हयात नव्हता. ती कागदावरच्या गोळ्या निरखू लागली. कितीही बारकाईने बघितलं तरी सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

मग तिने एक उचलली आणि जिभेच्या टोकाला लावली.

"गोड." ती बाजूला ठेवली. दुसरी घेतली. "हीपण गोड."

तिसरीला तिचं तोंड वाकडं झालं. गोळी घेऊन तिने हात पुढे केला, पण तो मध्येच थांबला.

"माझी उष्टी आहे," ती म्हणाली. "चालेल ना रे तुला?"

बारक्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हसायला निघाले होते की रडायला, ते सांगणं कठीण होतं. त्याने गोळी घेतली आणि आरशापुढच्या बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळली.

दारावर टकटक झाली. बाहेर सामानवाल्या बाई होत्या.

"ताई, फळी पुन्हा लावायला घेतली आहे. सहावा कप इथे सापडला, तोही मांडू का?"

"नको," ताई आतूनच म्हणाली. "पाचच ठेवा. सहावा बहिणीने टाकून दिलेला असतो."

आणि तिने पुढची गोळी उचलली.