रुमालाखालचा सौदा

लालासाहेबानं आवाजाचं बटण आणखी थोडं पुढं फिरवलं आणि डोळे मिटून घेतले. डोक्यावर जाडजूड गाद्यांचा हेडफोन होता, त्याची वायर काउंटरवरच्या अॅम्प्लिफायरमध्ये खोचली होती आणि तबकडीवर कुणी बाई भैरवी गात होती. उजव्या कानाला ती छान गात होती. डाव्या कानाला गातच नव्हती, पण हे एकट्या लालासाहेबालाच ठाऊक होतं.

"कसा वाटतोय?" दुकानदार नाथाजीनं विचारलं.

लालासाहेबाला त्याचे ओठ हललेले दिसले.

"झकास," तो म्हणाला, आणि जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला. दारातून जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं वळून पाहिलं.

मागं बाकावर त्याचा बाप, तात्याबा, काठी दोन गुडघ्यांत धरून बसला होता. सांगलीच्या बाजारात सकाळी हळदीचा सौदा झाला होता, भाव बरा मिळाला होता आणि आता पोराच्या या खेळण्यापायी दुपारची एसटी चुकणार, म्हणून म्हातारा धुमसत होता. पेन्शनीवर आलेल्या हवालदारानं उसात दारं धरावीत, पाणी फिरवावं, का कानाला टोपली बांधून गाणी ऐकावीत? पण पैसे पोराचे होते, बोलायची सोय नव्हती.

लालासाहेब तोफखान्यात होता. बांगलादेशच्या लढाईत त्याची तोफ अशी काही चालली, की डावा कान तिथंच राहिला. उजवा त्याच्याबरोबर गावी आला, पण निम्माच. हे त्यानं पलटणीत कुणाला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही आणि बापाला तर नाहीच नाही.

का, तर गावाला एक खोड होती. माणसाच्या नावाआधी त्याचं व्यंग लावल्याशिवाय गावाला चैन पडत नसे. ज्ञानूचे कान तापात गेले, त्या दिवसापासून तो भैरा ज्ञानू. त्याची बायको भैऱ्याची, पोरगी भैऱ्याची, म्हैस बाजारात निघाली तर तीही भैऱ्याचीच. पोरगीला बघायला पाहुणे आले आणि त्यांनी पारावर घर विचारलं, की कुणीतरी बसल्या जागेवरूनच सांगायचा, "भैऱ्याचं व्हय? त्ये काय, त्या बोळात." पाहुणे बोळातनंच माघारी फिरत. लालासाहेबाची लेक बनू आता शाळेत जात होती. उद्या तिलाही कुणी बघायला येणारच होतं.

त्यापेक्षा माजोरी म्हणवून घेतलेलं परवडलं. घरात वडीलधाऱ्यानं हाक मारली की ओ द्यायची, ही रीत. पाणी पुढच्या सरीत सोडायची वेळ झाली की तात्याबा विहिरीवरून ओरडायचा, "दार मोड रं लाला!" आणि लालासाहेब उसात पाठमोरा उभा, ढिम्म. पाणी सरी फोडून शेजारच्या हरिबाच्या रानात घुसायचं, हरिबा शिव्या घालत यायचा, आणि तात्याबा चारचौघांत कपाळावर हात मारून घ्यायचा.

"सायेब झालाय ह्यो. बापाला ओ द्यायला बी ह्याची जीभ झिजती."

लालासाहेब खाली मान घालून ऐकून घ्यायचा, म्हणजे जेवढं ऐकू येईल तेवढं.

हेडफोन त्याला आठवला तो छावणीतल्या मेजरसाहेबांमुळं. ते संध्याकाळी हेडफोन चढवून तबकड्या ऐकत बसत. तेव्हा कुणी कितीही हाका मारोत, साहेब ओ देत नसत. ऑर्डर्ली समोर जाऊन उभा राही. पण म्हणून मेजरसाहेबांना कुणी बहिरं म्हणत नव्हतं. बस्स. कँटीनमधून आणलेलं तबकड्यांचं यंत्र घरात होतंच. अॅम्प्लिफायर आणि हेडफोन घ्यायचा, सोप्यात बसायचं आणि ओ न देण्याला एक कारण कानावर चढवून ठेवायचं. गाण्याची त्याला खरीच आवड होती, नाही असं नाही. पण आपण गाण्यासाठी आलो नाही, लपायला आलो आहोत, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

नाथाजीनं त्याला खुणेनं हेडफोन काढायला लावला.

"हा व्हॉल्व्हचा झाला. आवाज गोड, पण ह्याला जरा घरघर आहे. आली ना ऐकू?"

"व्हय की. लय गोड."

नाथाजी थबकला. घरघरीला गोड म्हणणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. मग त्यानं वायर काढून शेजारच्या दुसऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये खोचली. हा ट्रान्झिस्टरचा, नव्या पद्धतीचा होता. लालासाहेबानं हेडफोन पुन्हा चढवला आणि बटण पार टोकापर्यंत नेलं. आता त्याच्या डोक्यावरची भैरवी मागं बाकापर्यंत ऐकू यायला लागली.

"आवं, कानाचे पडदे फाटतील!" नाथाजीनं घाईनं बटण मागं घेतलं.

लालासाहेब ओशाळून हसला आणि हेडफोन काढून गळ्यात अडकवला. नाथाजी दुसरी तबकडी काढायला कपाटाकडं वळला.

"लाला, यष्टी जाईल," तात्याबानं बाकावरून हाक दिली.

लालासाहेब काउंटरवरचं यंत्र न्याहाळत होता. त्यानं ओ दिली नाही.

म्हातारा उठला. परक्या गावात, परक्या माणसादेखत बापाचा असा पाणउतारा? आज तो काठी उचलणारच होता. तरातरा येऊन तो पोराच्या डाव्या अंगाला उभा राहिला आणि दात खाऊन म्हणाला, "लाला."

लालासाहेबाचा चेहरा हललासुद्धा नाही. मुद्दाम दुर्लक्ष करणाऱ्याची पापणी तरी हलते. हे तसं नव्हतं. तात्याबानं क्षणभर पाहिलं. मग दोन बोटं पोराच्या कानामागं नेऊन हळूच चुटकी वाजवली. बाजारात बैल घेताना तो अशीच वाजवायचा. कान टवकारला तर जनावर धड. त्यानं पुन्हा चुटकी वाजवली. पुन्हा काही नाही.

काठी खाली आली. म्हाताऱ्यानं काउंटर धरला.

आता लालासाहेबाला तो दिसला.

"काय वो आबा?"

"काय न्हाई," तात्याबा म्हणाला. "मला बी ऐकू दे की जरा."

नाथाजीला मौज वाटली. त्यानं म्हाताऱ्याच्या पटक्यावरूनच हेडफोन बसवला, नवी तबकडी लावली आणि आधी व्हॉल्व्हचा, मग ट्रान्झिस्टरचा असे दोन्ही अॅम्प्लिफायर ऐकवले. तात्याबा गंभीरपणे ऐकत राहिला. त्यानं हेडफोन काढून पोराच्या हातात दिला.

"आता हवालदारसाहेब, तुमची परीक्षा," नाथाजी हसून म्हणाला. "ही स्टिरिओ तबकडी. सतार एका कानात, तबला दुसऱ्या कानात. तबला कुठल्या अंगाला वाजतोय ते सांगायचं. म्हणजे हेडफोनची खरी करामत कळते."

हे नाथाजी तोंडासमोर बोलला, त्यामुळं लालासाहेबाला सगळं कळलं. त्यानं हेडफोन चढवला. उजवीकडं सतार आली. तबला कुठंच नव्हता. आता ज्या कानात सतार नाही त्या कानात तबला असणार, एवढा हिशेब कुणालाही सुचला असता, पण भ्यालेल्या माणसाला तोही सुचत नाही. नाथाजी हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होता.

तेवढ्यात लालासाहेबाच्या डाव्या हातावर काहीतरी मऊ पडलं. तात्याबानं खांद्यावरचा रुमाल काढून काउंटरवरच्या त्याच्या हातावर टाकला होता आणि स्वतःचा हातही रुमालाखाली सारला होता.

हळदीच्या सौद्याची ही जुनी रीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. तोंडातून शब्द नाही, भोवतीच्या माणसांना पत्ता नाही. तात्याबाचा जन्म त्यात गेला होता. त्यानं पोराचा डावा हात मुठीत घेतला आणि करकचून दाबला.

लालासाहेबानं बापाकडं पाहिलं. तात्याबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

"डाव्या अंगाला," लालासाहेब हेडफोन काढत म्हणाला.

"वा! कान तयार आहे तुमचा," नाथाजी खूश झाला. "मग, पहिला द्यायचा का दुसरा?"

रुमालाखाली दोन बोटं दाबली गेली.

"दुसरा," लालासाहेब म्हणाला. त्याला समोरचं नीट दिसेनासं झालं होतं.

नाथाजी खोकं काढायला वाकला आणि वाकूनच काहीबाही समजावून सांगू लागला. वायर कशी जोडायची, बटण कुठवर न्यायचं, पाऊसपाण्यात काय जपायचं. लालासाहेबाला त्याची नुसती पाठ दिसत होती.

"आवं, जरा मोठ्यानं बोला की," तात्याबा मध्येच म्हणाला. "मला कमी ऐकू येतंय. माझ्यासाठनंच घ्यायला लागलाय त्यो."

नाथाजी उठून उभा राहिला.

"मग आधीच नाही का सांगायचं, बाबा?"

"लाज वाटती," तात्याबा म्हणाला. "दुसरं काय."

नाथाजीनं सगळं पुन्हा पहिल्यापासून, घसा ताणून सांगितलं. लालासाहेबाला शब्द न् शब्द ऐकू आला. आपली लाज बापाच्या तोंडून अशी उघड्या दुकानात निघालेली पाहून त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

एसटीत तात्याबा आधी त्याच्या डाव्या हाताला बसला, मग उठला आणि माणसांचे पाय तुडवत उजव्या हाताला येऊन बसला. गाव येईपर्यंत लालासाहेबानं दोनतीनदा तोंड उघडलं. म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला.

घरी पाऊल टाकताच तात्याबानं सुनेला हाक मारली. चंद्राबाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"हे बघ, इथनं पुढं माझ्याशी मोठ्यानं बोलायचं. मला ऐकू येईना झालंय."

"आँ? कवापास्नं?"

"लय दिस झाले. सांगितलं न्हवतं."

घर मोठ्यानं बोलायला लागलं. चंद्राबाई चुलीपाशी बसून ओरडून जेवायला बोलवायची. बनू आजोबांना धडे वाचून दाखवायची, ते पार गोठ्यापर्यंत ऐकू जायचे. ज्याला ऐकू यायला हवं होतं त्याला सारं येत होतं. बायको चांगली हसरी बोलते, हे लालासाहेबाला इतक्या वर्षांनी नव्यानं कळलं. रानात तर तात्याबानं हाका मारणंच सोडलं. पाणी फिरवायचं असलं की तो बांधावर येऊन काठी हलवायचा. हेडफोन कोनाड्यात होता. लालासाहेब कधीमधी तो चढवून गाणं ऐकायचा, पण लपायची आता गरजच उरली नव्हती.

आणि गावानं आपलं काम केलं. तात्याबाचा भैरा तात्याबा झाला. पारावर म्हातारा दिसला की पोरं नुसते ओठ हलवून बोलल्याचं सोंग करायची आणि तो "आं? आं?" करत कानाला हात लावायचा. म्हातारपणी कान जायचेच, त्यात पोरीबाळींच्या सोयरिकीला काही बाध येत नव्हता. तात्याबानं तेवढा विचार केला असणारच. लालासाहेब रोज उठून ठरवायचा, आज सांगून टाकू, कान माझे गेलेत. रोज रात्री त्याला वाटायचं, बनूचं एकदा होऊन जाऊ दे, मग सांगू.

एका संध्याकाळी हरिबा पाण्याच्या पाळीचं बोलायला आला. सोप्यात तात्याबा समोर बसला होता. हरिबा लालासाहेबाच्या शेजारी, डाव्या बाजूला टेकला. चंद्राबाईनं चहा आणला. हरिबानं आधी घसा फोडून म्हाताऱ्याची ख्यालीखुशाली विचारली. मग आवाज उतरवून, तात्याबाकडं बघत, हसऱ्या तोंडानं तो लालासाहेबाच्या कानाशी काहीतरी बोलला. बोलताना त्यानं एक बोट वर, देवाघरी दाखवतात तसं, आढ्याकडं केलं आणि लालासाहेबाच्या मांडीवर थाप दिली.

लालासाहेबाला काहीच ऐकू आलं नाही. अशा वेळी करायची सवय होती तेच त्यानं केलं. तो हसला.

"व्हय व्हय," तो मान हलवून म्हणाला. "तसंच हाय ते."

तात्याबाची बशी ओठांपाशी थांबली. दारात उभ्या चंद्राबाईलाही ते ऐकू गेलं होतं. ती नवऱ्याकडं अशी काही बघत राहिली, की जणू हा माणूस तिनं आज पहिल्यांदाच पाहिला. मग कपबशा तशाच ठेवून ती आत गेली.

हरिबा उठून गेला. लालासाहेब उठून बापाजवळ, अगदी तोंडासमोर जाऊन बसला.

"आबा, काय म्हणाला त्यो?"

तात्याबानं त्याच्याकडं पाहिलं. मग सोप्यात दोघंच असूनही, उगीचच मोठ्यानं म्हणाला, "मला कुठं ऐकू येतंय?"

आणि त्यानं बशी पुन्हा तोंडाला लावली. तिच्यातला चहा केव्हाच संपला होता.