माझ्या पायातली वाळू

मित्रांनो, मी एक जुना बाहुला आहे. खेळण्यातला नव्हे. जाड ताडपत्रीचा, हातापायांत वाळू भरलेला, पुऱ्या ऐंशी किलोंचा. चिलेच्या दक्षिणेकडच्या आमच्या तीन बेटांवर आग विझवणारे सगळे स्वयंसेवक. कुणी शिंपले वाढवतं, कुणी बटाटे लावतं. भोंगा वाजला की हातातलं टाकून धावायचं. तिन्ही बेटांत मिळून मी एकटाच. महिनाभर इथे, महिनाभर तिथे, बटाट्यांच्या पोत्यांत बसून होडीने जायचं. मला एका मिनिटात तीस मीटर ओढून नेणं ही त्यांची दर वर्षाची परीक्षा. पहिल्या वर्षी तर कुणीतरी मला लोकरीची टोपीसुद्धा विणली होती.

मग एकदा धक्क्यावरच्या बटाट्यांच्या काट्यावर मी शहात्तर भरलो.

"तरीच पलीकडचे सगळे पास!" आमच्या बेटावरचा एक जण ओरडला.

"आणि तुम्ही त्याला पाणी पाजून आमच्याकडे पाठवता, ते?" पलीकडच्या होडीवाल्याने सुनावलं.

तेव्हापासून दर खेपेला माझं वजन होऊ लागलं. मी त्र्याहत्तर भरलो, मग सत्तर. टोपी कुठे गेली, कुणी विचारलंही नाही. आमच्या बेटावर सराव घेणारी ओर्फेलिनाबाई सगळ्यांत जास्त कडाडली, "वाळूचोर सापडू दे, बाहुल्याऐवजी त्यालाच ओढायला लावते सगळ्यांना!"

मला वाळू जाताना कळायची. मी शेडमध्ये पालथा पडलेला असायचो. कुणीतरी गुडघ्याची शिवण उसवी, चमच्याने वाळू काढी आणि घट्ट टाके घाली. तोंड काही दिसत नसे. माझा संशय आमच्याच तुकडीतल्या डेल्मिरोवर होता. शिंपले वाढवायच्या तराफ्यावरचं काम सुटलं की थेट यायचा, शनिवारचा सराव निम्मा बुडवायचा आणि माझ्याच पोटावर बसून बटाट्याची भाकरी खायचा. दोन वर्षं नापास. यंदाही तो पडला, तर आमच्याकडे पाचच पास उरणार होते. आणि सहा नसले, की धुरात घालायचे मुखवटे आणि हवेच्या टाक्या मोठ्या बेटाकडे जाणार होत्या.

तो पास झाला. बावन्न सेकंदांत! लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो मात्र माझ्याकडे टक लावून म्हणाला, "मी तगडा झालो, की तू वाळलास रे?"

पुढच्या शनिवारी दुपारी सरावासाठी मला बंबावर चढवलं होतं, तेवढ्यात भोंगा वाजला. बंब मला घेऊनच धावला. आमच्याच बेटावरच्या म्हाताऱ्या बेनिग्नोचं स्वयंपाकघर पेटलं होतं आणि तो आत होता. डेल्मिरो मुखवटा चढवून शिरला. त्याने म्हाताऱ्याला उंबऱ्यापर्यंत आणलं आणि तिथेच अडला. ओढतोय, ओढतोय, पण म्हातारा हलेना. तशी ओर्फेलिना मुखवटा न घालताच धावली आणि तिने पाय धरले. दोघांनी मिळून त्याला बाहेर काढलं. तिच्या भुवया जळाल्या होत्या.

"माझंच चुकलं," डेल्मिरो धापा टाकत म्हणाला. "मला जमलं नाही."

"तुझं नाही. वाळू मी काढत होते." ती खोकत रस्त्यातच बसली. "घरच्या कुंड्यांत टाकली. म्हटलं, तू पास झालास तर मुखवटे राहतील."



"बाई, मला तुमची दया नको होती," डेल्मिरो म्हणाला. "आठवड्याला एक तास जास्त हवा होता. तराफ्यावरून सुटल्यावर."

महिनाअखेरीस ओर्फेलिनाने धक्क्यावर तिन्ही बेटांसमोर तेच सांगितलं. पलीकडचा होडीवाला तोंड उघडणार, इतक्यात बँडेज बांधलेला बेनिग्नो काट्यावर चढला.

"चौऱ्याण्णव! भरा याला एवढा. मी काही परीक्षेपुरता बारीक होणार नाही."

ओर्फेलिनाने कुंड्या रिकाम्या करून, वर किनाऱ्यावरची वाळू घालून मला पुरा चौऱ्याण्णव भरलं. डाव्या गुडघ्यात एक फुलाचं मूळ आलंय, ते टोचतं. सराव आता बुधवारी संध्याकाळीही होतो, आणि तिन्ही बेटांची माणसं नुसती माझं वजन करायलाच नव्हे, तर एकत्र मला ओढायलाही येतात. अजूनही कुणी उगाच माझ्या गुडघ्याजवळ बसलं, की मला टाके चाचपावेसे वाटतात. पण हातात वाळूच, काय करणार!

मित्रांनो, मला ओढताना दमा, शिव्या द्या, मध्ये टाकून पाणी प्या. फक्त मला हलकं करू नका. डेल्मिरो परवा माझ्यासकट सदतीस मीटरवर जाऊन पडला आणि पडल्या पडल्या विचारत होता, "बेनिग्नो जेवून आला असेल, तर अजून किती किलो?"