चक्रवाले दादा

"कडी लाव, निंघू," भिकन उषाबाईला म्हणाला, तेवढ्यात शेजारचा छगन दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"दादा, मारुतीले ताप चढेल शे. रिक्षावाला हात लावत नही."

प्लेगची बातमी पसरल्यापासून सुरतेजवळच्या उधन्यातली चाळ ओस पडत चालली होती. माणसं मिळेल त्या गाडीनं खानदेशात पळत होती. भिकन आणि उषाबाईही निघाले होते.

"मंग मी काय करू?"

"तुम्हले वीरचक्र शे, दादा. तुम्हले कसानं भ्याव?"

एकाहत्तरच्या लढाईपासून भिकन हेच ऐकत आला होता. मिलच्या फाटकावर वॉचमन ठेवताना शेठ हेच म्हणाला होता. संपात दगड पडायला लागले, तेव्हाही हेच म्हणून त्याला पुढं केलं होतं. आता जिना चढताना गुडघे धरत. त्याला नुसतं कुठंतरी बसून राहायचं होतं.

छगन गेला. उषाबाईनं आजवर न विचारलेलं विचारलं, "लढाईमा भ्याव नही वाटना तुम्हले?"

"वाटना ना, खूप वाटना. दोन जखमीस्ले खांदावर लई उनू. तिसरा वाटमाच गया. मी काय जातू नही, पन त्या तिसरानी मन्हा नावनी हाक मारी."

पलीकडच्या खोलीत मारुती एकटाच राही. हिंगोलीकडचा, लूमवर काम करणारा. भिंतीआडून त्याचा आवाज आला, "भिकनदादा..."

भिकननं डोळे मिटले. मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची ढकलायची लारी ओढत आणली.

"आपली गाडी निंघी जाई," उषाबाई म्हणाली.

"तू स्टेशनले पुढे व्हय."

मारुतीला उचलताना त्याचा ताप सदऱ्यातून भिकनच्या अंगाला लागला. रस्ताभर तो पुटपुटत होता, "दादा, मला टाकून नका जाऊ."

"नही जात. पडी ऱ्हाय."

दवाखान्यात दुपारी रक्त तपासलं. तोंडाला फडकं बांधलेला डॉक्टर म्हणाला, "मलेरिया है. बच जाएगा." भिकनला आनंद व्हायला हवा होता. पायरीवर बसल्या बसल्या त्याला झोप लागली.

दिवेलागणीला तो चाळीत परतला, तेव्हा नळावरच्या बायका हंडे उचलून मागं सरल्या. छगननं लांबूनच हात केला.

"दादा, तठेच थांबा. नळले हात लावू नका."

"मलेरिया शे त्याले."

"शे ना. पन थांबा."

भिकन थांबला. वाद घालायचं त्राण नव्हतं. तो गटाराच्या कडेला दगडावर टेकला.

त्याच्या खोलीचं दार उघडलं. उषाबाई गेलीच नव्हती. ती बादली घेऊन आली, नाकाला पदर न लावता त्याच्या अगदी जवळ बसली, डोक्यावर तांब्या ओतला आणि बोटांनी त्याचे पांढरे केस सावकाश धुऊ लागली.