साहेबांच्या पायाखालची पेटी

बातमी आली त्या सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि माझ्यावर साहेब उभे होते. त्यांना वरच्या फळीवरची जॅमची बरणी काढायची होती. गॅसवर अंडी उकडत होती. माझ्याशिवाय साहेबांचा हात त्या फळीपर्यंत पोचत नाही, पण हे आपल्या आपल्यात ठेवा, बाहेर कुणाला माहीत नाही.

मी एक लाकडी पेटी आहे. उघडत नाही, आत काही नाही, उंची वीतभर. साहेब निवडून आलेले लोकप्रतिनिधी आहेत आणि ठेंगणे आहेत. सभागृहात पोडियमच्या मागे मी असते, माझ्यावर साहेब असतात, आणि समोरच्यांना वाटतं, काय भरदार माणूस आहे. घरात मला पेटी म्हणत नाहीत. बाहेर पडताना साहेब विचारतात, "माझी उंची कुठंय रे?" आणि ड्रायव्हर गंभीर चेहऱ्याने सांगतो, "डिकीत ठेवलीय साहेब."

तर त्या सकाळी फोन वाजला. लेकीचा होता.

"बाबा, बसलायस का?"

"उभा आहे. उंचीवर."

"मग आधी खाली उतर. आमच्या लग्नाचं विधेयक बुधवारी मतदानाला येतंय. पास झालं तर महिना संपायच्या आत आम्ही लग्न करतोय. आणि लग्नात भाषण तू करायचंस. स्वतःच्या वाटचं आणि आईच्या वाटचंही."

साहेब खाली उतरले नाहीत. त्यांनी माझ्यावरच एक गिरकी घेतली. जॅमची बरणी काखेत, फोन कानाला, आणि तोंडाने "हो गं, हो गं, हो."

फोन ठेवतात तोच पुन्हा वाजला. पक्षाचे अध्यक्ष होते. म्हणाले, ते दोन बायकांनी किंवा दोन पुरुषांनी आपापसात लग्न करण्याचं जे विधेयक आहे, त्याला आपला कडाडून विरोध आहे. मुख्य भाषण तुम्हीच करायचं. तुमच्यासारखा आवाज आपल्याकडे दुसऱ्या कुणाचा नाही.

"हो," साहेब म्हणाले, "अर्थात. हो."

अंडी उकडेपर्यंत साहेबांचं दोघांनाही हो म्हणून झालं होतं.

माणसं मला तळव्यांवरून कळतात. साहेब मनातलं बोलत असले की त्यांच्या टाचा माझ्यावर घट्ट टेकलेल्या असतात. मनात एक आणि तोंडात दुसरं असलं की ते चवड्यांवर येतात. त्या सकाळी पहिल्या होकाराला टाचा टेकलेल्या होत्या. दुसऱ्या होकाराला काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल.

आता माझ्या जन्माबद्दल. साहेब पहिल्यांदा निवडून आले तेव्हा फळांच्या खोक्यावर उभे राहून बोलत. एकदा खोका मोडला आणि साहेब वाक्याच्या मध्यात दिसेनासे झाले. घरी आल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, इतके दिवस निदान टक्कल तरी दिसत होतं." बाईसाहेब त्यांच्याहून चांगल्या उंच होत्या आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांनीच लेकीला सांगितलं, तुझ्या बापाला काहीतरी भक्कम करून दे.

लेक तेव्हा सुतारकाम शिकत होती. तिच्याच बाकावर एक बुटकी, हसरी मुलगी शिकत होती. एका पाडलेल्या घराच्या दारातून दोघींनी मला कापलं. लेक म्हणाली, स्क्रू मारू. ती बुटकी म्हणाली, छे, लाकडात लाकूड अडकवू, एकमेकांत बोटं गुंतवावीत तसं. यावरून दोघी इतक्या भांडल्या की जेवायची वेळ टळली. शेवटी सांधा तिच्या मनासारखा झाला आणि त्यानंतर दोघी कधी वेगळ्या जेवल्याचं मी ऐकलं नाही.

ती पहिल्यांदा घरी जेवायला आली तेव्हा लेक भीतभीत म्हणाली, "आई, बाबा, ही नुसती मैत्रीण नाहीये." बाईसाहेबांनी तिला सूप वाढलं. साहेब बराच वेळ ब्रेडला लोणी लावत राहिले आणि मग म्हणाले, "मग हिला म्हणायचं काय? सून म्हणावं तर मला मुलगा नाही."

"जावई म्हणा," ती म्हणाली.

"जावईबापू," साहेब म्हणाले, "सूप आणखी घ्या."

"पुरे आता, सासरेबुवा."

तेव्हापासून हेच चालू आहे. ती दाराशी आली की साहेब आतूनच पुकारतात, जावईबापू आले, कुणीतरी गालिचा अंथरा. बाईसाहेब गेल्या तेव्हा सगळं आवरायला हीच पुढे होती. साहेबांना त्या आठवड्यात मोजे कुठे असतात तेही आठवत नव्हतं. तिने शोधून दिले.

पक्षात मात्र साहेब एवढंच सांगत, माझी मुलगी आणि तिची भागीदार मिळून सुतारकाम करतात. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. साहेबांना खोटं बोलायला आवडत नाही. ते वाक्यं अशी रचतात की बोलायची वेळच येऊ नये.

बुधवारपर्यंत घरात दोन भाषणांची तालीम चालली. कपाटाच्या आरशासमोर मी, माझ्यावर साहेब. विरोधाचं भाषण त्यांनी एकदाच म्हटलं आणि उरकून टाकलं. लग्नाचं म्हणताना त्यांना वेळेचं भान राहत नसे. फळांच्या खोक्याचा किस्सा त्यात होता, जावईबापूंच्या सुपाचा होता. स्वतःच्याच विनोदावर हसून ते माझ्यावरून दोनदा घसरले. फक्त एक वाक्य जमेना. "हिची आई आज असती तर," इथवर ते येत, खाली उतरत, कॉफी करून घेत आणि पुन्हा वर चढत. मग एकदा कॉफी न करताच ते वाक्य पार पडलं. पुढे काय आहे ते मी सांगणार नाही. ते लग्नासाठी होतं.

इतक्या चढउताराने माझा एक सांधा ढिला झाला. साहेब पाय हलवतील तेव्हा मी करकरायला लागले. सभागृहातला माईक भलता तिखट कानाचा. लोकांना वाटलं असतं, साहेबांचे गुडघे गेले. तेव्हा साहेबांनी, तुम्हाला खरं वाटणार नाही, मला काखोटीला मारलं आणि मंगळवारी संध्याकाळी लेकीच्या कारखान्यात नेलं. लेकीच्या लग्नाविरुद्ध बोलताना आवाज नको म्हणून लेकीकडूनच दुरुस्ती. त्यात काही विचित्र आहे हे त्यांच्या ध्यानात आलं ते दार ढकलल्यावर.

"या सासरेबुवा," जावईबापू म्हणाल्या. केसांत भुसा, हातात रंधा. "घाई कसली?"

"उद्या भाषण आहे."

"कशावर?" लेकीने विचारलं.

साहेब एका खुर्चीकडे वळले. "ही काय सुरेख झालीय गं."

"बाबा."

"तुमच्या विधेयकावर."

"अय्या, बाजूने?" जावईबापूंनी विचारलं.

"समोरून," साहेब म्हणाले.

जावईबापूंनी रंधा बाकावर ठेवला. मग साहेबांनी समजावून सांगितलं. सरकारकडे मतं आहेत, विधेयक पास होणारच, मी विरोध केला काय आणि न केला काय. न केला तर पुढची उमेदवारी मात्र गेली. आणि विधेयक पास झालं की मी लग्नाला सगळ्यात आधी हजर. सूट शिवायला टाकलाय.

"म्हणजे आमचं लग्न होऊ नये म्हणून बोलणार आणि होईल म्हणून सूट शिवणार," लेक म्हणाली.

"तू असं म्हणतेस तेव्हा ते वाईट वाटतं," साहेब म्हणाले.

लेकीने मला उलटं केलं, सांधा उकलला, जुना गोंद पटाशीने खरवडला. जावईबापू हळूच म्हणाल्या, "थोडा ढिला ठेवूया का? नुसता एकदाच करकरेल."

"काम चोख करायचं," लेक म्हणाली. "बाबा पडला तर आपल्यालाच उचलावा लागेल."

तिने गोंद भरला, शिकंजा आवळला, हात पुसले. मग बापाकडे वळून म्हणाली, "विरोध कर. तुझी भाकरी त्यात आहे म्हणतोस, तर कर. पण तिथे उभा राहून आम्हाला नाकारू नकोस. कुणी विचारलं तर आहे म्हण. नाकारलंस तर लग्नात बोलायचं नाही."

"नाकारेन कसा? वेडी आहेस का?"

हे ते जमिनीवर उभे राहून म्हणाले. त्यामुळे टाचांचं मला सांगता येत नाही.

बुधवारी सभागृह गच्च भरलं होतं. साहेब छान बोलले. इतकं मोघम आणि इतकं मधाळ विरोधाचं भाषण मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटाकडे येताना त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "ह्या लोकांबद्दल माझ्या मनात आकस नाही. माझ्या ओळखीतही असे लोक आहेत. फार गोड आहेत."

समोरच्या बाकावरून एक सदस्या उठल्या. पूर्वी शाळेत शिकवायच्या, खोड्या करणारं पोर त्यांना पाठमोरंही कळायचं. त्यांनी विचारलं, "ओळखीत म्हणजे घरात का हो?"

साहेब चवड्यांवर आले. माझ्यावरचं सगळं वजन पुढे सरकलं. माझा सांधा ढिला असता तर त्या क्षणी मी अशी करकरले असते की सभागृह हसलं असतं, साहेबही हसले असते, आणि त्या हसण्यात कदाचित खरं निसटून गेलं असतं. पण मला फार चोख दुरुस्त केलेलं होतं.

"नाही, नाही," साहेब म्हणाले. "घरात नाही. ओळखीतले."

मग मतदान झालं. साहेबांनी विरोधात मत दिलं आणि विधेयक पास झालं. बाहेर लोक शिट्ट्या मारत होते, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. ड्रायव्हरने मला डिकीत टाकलं आणि गाडी वळणावर गेली न गेली तोच मागच्या सीटवर साहेब गाऊ लागले. हातांनी सीट बडवत, भसाड्या आवाजात.

"साहेब," ड्रायव्हर म्हणाला, "आपण हरलो ना?"

"हरलो रे," साहेब म्हणाले, "पार हरलो," आणि पुढचं कडवं उचललं. ड्रायव्हरने हॉर्नवर ताल धरला. मी डिकीत सुट्या चाकावर आपटत होते आणि, खरं सांगते, मलाही मजा येत होती.

मग साहेबांनी लेकीला फोन लावला. आधी अभिनंदन केलं, आणि मग, वक्ता तो वक्ताच, विचारलं, "ऐकलंस? कसं झालं?"

"ऐकलं. आवाज छान लागला होता. पेटी करकरली नाही."

"नाहीच करकरली. काय हात आहे गं तुझा."

"बाबा, लग्नाला आम्ही ओळखीतल्या बऱ्याच लोकांना बोलावलंय. त्यांच्या टेबलावर तुझी खुर्ची आहे. ओळखीतले लोक जेवतात, नाचतात. भाषण करत नाहीत."

गाडीत गाणं पुन्हा सुरू झालं नाही. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला.

लग्न कारखान्यातच झालं. यंत्रं भिंतीला सरकवून वर चादरी टाकल्या होत्या, भुशाच्या वासावर फुलांचा वास मात करू पाहत होता. साहेब नव्या सुटात आले आणि मला काखेत घेऊन आले, कागदात गुंडाळून, जणू आहेरच. ओळखीतल्यांच्या टेबलावर एक लाकूड व्यापारी, एक दातांचे डॉक्टर आणि जागेचे मालक होते. साहेबांनी त्या तिघांना असं हसवलं की डॉक्टरांना कुणीतरी पाठीत थोपटावं लागलं. वधूचे तुम्ही कोण, असं मालकांनी विचारलं. साहेब म्हणाले, "जुनी ओळख आहे. ती जन्मली तेव्हापासूनची."

फोटोच्या वेळी जावईबापू आल्या. "सासरेबुवा, उंची देता का जरा? ही माझ्या डोक्यावरून बघतेय." साहेबांनी कागद फाडून मला पुढे केलं. जावईबापू चपला काढून माझ्यावर चढल्या. काय पाय होते ते. टाचा, बोटं, सगळं नाचत होतं. लेक शेजारी जमिनीवर, दोघींचे खांदे एका रेषेत, आणि फोटोवाला सारखा ओरडत होता, बाई, उड्या मारू नका, फोटो हलतोय.

मग भाषणं झाली. जावईबापूंची आई बोलली, थोडं रडली, बरंच हसली. त्यानंतर जरा वेळ कुणीच उठलं नाही. साहेब उठले. माना वळल्या. लेकीने नुसतं पाहिलं, रागाने नाही, पण नजर हलवली नाही. "पाणी कुणाला हवंय?" साहेबांनी विचारलं, आणि पाण्याचा जग घेऊन सगळ्या टेबलांवर वाढून आले. नंतर ते नाचले. सगळ्यात जास्त तेच नाचले.

निघताना लेकीने त्यांचा कोट झटकला. म्हणाली, "जिथे नाही म्हणालास तिथेच जाऊन आहे म्हण. त्या दिवशी मी हीच टेबलं पुन्हा मांडीन आणि ह्याच लोकांना बोलावीन. मग बोल, हवं तेवढं बोल."

ते अधिवेशन संपलं, दुसरं सुरू झालं. मध्ये पक्षाच्या अध्यक्षांचा फोन आला होता. मुलीचं लग्न झालं म्हणे, कळवलं नाहीत, जावई काय करतो? साहेब माझ्यावर उभे होते, दिवा बदलत होते. "सुतारकाम," ते म्हणाले, आणि टाचा निम्म्याच टेकल्या. ही प्रगती म्हणायची की काय, मला ठरवता येत नाही.

मी लाकूड. मला कुणी सल्ला विचारत नाही. विचारलाच तर म्हणेन, साहेब, एकदा मला डिकीतच राहू द्या आणि जमिनीवर उभे राहून दोन शब्द बोला. माईक खाली वाकवता येतो. तुमची लेक वाट बघतेय, जावईबापूही. टेबलं त्यांनी अजून विकलेली नाहीत.

लग्नाचं भाषण साहेबांना पाठ आहे. ते वाक्यही आता न अडखळता येतं. पण ते भाषण त्यांनी अजून केलेलं नाही.