आण्णांनी माझ्या टकुऱ्यावर नारळ फोडला

मी भूपाल आण्णांच्या गुऱ्हाळावरचं तेलाचं इंजिन बोलतोय. माझ्या अंगावर विलायती अक्षरं कोरलीत. ती मला वाचता येत नाहीत. आण्णांनाही येत नाहीत, पण पावण्यांना बोट फिरवून वाचून दाखवतात. दर वेळी निराळंच.

शाहू महाराजांच्या राज्यात मी कळंब्याच्या वाटेवरच्या या मळ्यात आलो. चार बैलजोड्यांचा ऊस एकटा पिळायचो, पण उठायचे नखरे नवरदेवाचे. पुढं माझं मडक्याएवढं लोखंडी टकुरं. इंजिनवाल्या मौलानं त्याला बत्ती लावून लालबुंद करायचं, मग चाक फिरवायचं. तापल्या टकुऱ्यात तेल पडलं, की मी ‘भक्’ करून जागा!

खोड्या तर अंगातच. उलटा झटका देऊन मौलाला चिखलात बसवायचो, पिराजी गाडीवानाच्या नव्या पटक्यावर काजळी सोडायचो. लोक ओरडले की मौला म्हणायचा, "त्याला नगा बोलू, माझाच हात चुकला." मला लई गंमत वाटायची.

एका साली हंगामाच्या पहिल्या घाण्याला मी तापून तयार होतो. आण्णा नारळ घेऊन पुढं आले.

मौला म्हणाला, "आण्णा, तिथं नगा फोडू, तापलंय. खाली दगडावर फोडा की."

"मला पूजा शिकवतोस व्हय रे? मान कपाळाचा असतोय!"

फाट्! पाणी चर्रकन उडालं, खोबरं भाजल्याचा वास सुटला. आत केसाएवढा तडा गेला, तो मला कळला. पण हार गळ्यात असताना दुखणं कोण सांगतंय? मी फुगून धडधडत राहिलो.

महिनाभर निभावलं. पौषात थंडी पडली, लोखंड गारठलं, अन् एका सकाळी मी उठेनाच. मौलाच्या तळहाताला फोड आले. तोडलेला ऊस वाळत पडलेला. आण्णा सगळ्यांसमोर कडाडले, "तेलात पाणी घातलंस! चांगलं तेल कुठं इकलंस, सांग!"

मौलाचा चेहरा उतरला. त्यानं तेच तेल पणतीत घालून पेटवलं. जळालं नीट. "बघा, तेल चोख हाय."

"पणतीला काय कळतंय?" आण्णा म्हणाले.

मग मौलानं बत्तीची ज्योत पाहिली, चांगली निळी होती. टकुरं लाल झालेलं होतं. शेवटी मौलानं मला निवू दिलं, रिठ्याचा फेस टकुऱ्यावर फासला अन् आण्णांना जवळ बोलावून चाक हळूच फिरवलं. आत दाबलेली हवा तड्यातून निसटली, फेसातून बुडबुडे आले. एका ओळीत, बरोबर नारळाच्या डागापाशी.

आण्णांनी पाहिलं. खांद्यावरचा पंचा काढला आणि फेस पुसून टाकला.

"काय घावलं काय?" गुळाच्या चुलवाणापासून पिराजी ओरडला.

आण्णांनी पंचा धरलेला हात पाठीमागं लपवला. मौलानं त्या हाताकडं बघितलं.

"माझाच हात चुकला," तो म्हणाला. "बत्ती जास्त झाली. तडकलंय."

तेच वाक्य! माझ्या खोड्या पदरात घेता घेता ते त्याच्या जिभेवर बसलं होतं. लोकांनी हिशेब लावला : इंजिन यानंच फोडलं, म्हणजे तेलही यानंच खाल्लं. आण्णा तरीही बोलले नाहीत.

भाकरी घेऊन आलेल्या रोशनबीला, त्याच्या बायकोला, त्यानं खरं सांगितलं. ती फणफणली, "म्हाताऱ्याचं पाप तुमी कशाला डोक्यावर घेताय?"

"पिकल्या केसाचा माणूस हाय. चारचौघांत मान खाली गेली, तर परत वर व्हायची न्हाय."

"आन तुमची?"

मौलानं भाकरीचं फडकं परत बांधलं. दोघं कुरुंदवाडला तिच्या माहेरी गेले, ते गेलेच.

मला नवं टकुरं बसलं, चार हंगाम ओढले. आता गोठ्याच्या कोपऱ्यात पडून आहे. माझ्या चाकाआड कोंबडी अंडी घालते, अन् मी कुणाची खोडी काढत नाही. कधी कधी आण्णा येऊन समोर उभे राहतात. ओठ हलतात, शब्द फुटत नाही. आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचं टाळतो.

आण्णा, माझ्यापुढं उभं राहून काय उपयोग? कुरुंदवाडला जा. रोशनबी आधी शिव्या देईल, त्या खा. मग गल्ली गोळा होईल एवढ्या मोठ्यानं सांगा, की तेल चोख होतं. मला तोंड होतं तेव्हा मी तडा लपवून नुसता धूर काढला. तुम्हाला अजून बोलता येतंय.