शालूच्या ताटातला वाटेकरी

मी बोलतोय. आता ‘मी’ म्हणजे नेमका कोण, हे मात्र विचारू नका, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. तुम्ही मला हिवतापाचा जंतू म्हणता. पण एकटा असा मी फार वेळ राहतच नाही. माणसाच्या रक्तातल्या एखाद्या तांबड्या पेशीत शिरतो, खातो, फुगतो आणि फुटतो. फुटलो की माझे कितीतरी मी होतात. त्यातला खरा कोणता, हे मलाही अजून उमगलेलं नाही. म्हणून आपला सरसकट मीच म्हणतो.

माझा जन्म एका डासिणीच्या पोटातला. लोणारजवळच्या एका खेड्यात, गुरांच्या हौदाकाठी ती राहायची. एकदा अंगणात भांडी घासत बसलेल्या नव्या सुनेला ती चावली आणि मी त्या सुनेच्या अंगात उतरलो. सुनेचं नाव शालू.

मला वाटलं, नशीब उघडलं! शालूच्या सासूचं, सुभद्राबाईचं घर म्हणजे गावातलं तालेवार घर. दारात दुभती म्हैस, माळ्यावर तुरीची पोती. पण कसलं काय, नाव मोठं आणि लक्षण खोटं.

माझ्या जेवणाचं थोडं सांगायला हवं. रक्तातलं जे तांबडं असतं, त्यावर माझा पिंड पोसतो. ते फोडून मी माझं अंग बांधतो. पण त्या तांबड्यात सगळं असून एक जिन्नस नसतो. भाजीत सगळं पडावं आणि मीठच राहावं, तसं. तो जिन्नस मला शालूच्या ताटातून हवा असतो, डाळीतून, दुधातून, अंड्यातून. तो आला नाही, तर माझी वाढच अडते.

आणि शालूच्या ताटात काय? सगळ्यांचं झाल्यावर उरलेली अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा. वरणाचं भांडं तिच्यापर्यंत यायचं ते फक्त घासायला. दूध तर तिने नुसतं तापवायचं.

मग मी काय करणार? थिजलो, झोपी गेलो. यजमानच उपाशी, तिथे आगंतुकाने कुठे जोर करावा! शालूला ताप म्हणून आला नाही. सुभद्राबाई चारचौघींत मिरवायची, “आमच्या घरी आल्यापासून पोरीले साधी शिंक नाई आली!” ते ऐकून मी पार गोंधळायचो. पोर वाळत होती आणि बाई म्हणत होती धडधाकट.

पुढे शालू दुसरबीडला माहेरी आली. तिची माय झुंबरबाई दारातच थबकली. “काऊन व इतकी वाळली?”

“काई नाई माय. कामाचं हाये.”

सासरचं उणं माहेरी बोलू नये, असं लग्नाआधी झुंबरबाईनेच तिला बजावलं होतं. पोरीने ते अगदी घट्ट धरून ठेवलं होतं. लेक आली म्हणून झुंबरबाईने अख्तरी मनियारणीला बोलावून हात भरून बांगड्या घातल्या. लहान पोरीच्या मापाच्या बांगड्या सरसर आत गेल्या. अख्तरीने ते माप लक्षात ठेवलं.

आणि मग ताट वाढलं गेलं! तुरीचं घट्ट वरण, त्यावर तूप, वाटीभर दूध, दर बाजाराला मटण. शालू जेवली आणि मला जाग आली. काय सांगू, इतके दिवस अडलेला जिन्नस रक्तातून वाहत आला. मी खाल्लं, वाढलो, फुटलो. माझं बारसं झालं आणि शालूला हुडहुडी भरली. गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी पोरीचे दात वाजायचे. एक दिवस बरा जायचा की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

झुंबरबाईने दृष्ट काढली. मिरच्या चुलीत तडतडल्या. मला काय त्याचं, मला डाळ मिळत होती. मग तिच्या ध्यानात आलं की पोर पोटभर जेवली की ताप चढतो. “तापात लंघनच बरं,” असं म्हणून तिने ताट आखडलं. नुसती पेज सुरू झाली. मी पेंगुळलो, ताप उतरला. झुंबरबाईने देवाला हात जोडले. मी झोपलो याला ती बरं होणं समजली, आणि खरं सांगतो, क्षणभर मलाही तसंच वाटलं.

तेवढ्यात सुभद्राबाई सुनेला न्यायला आली. तापाचं ऐकलं आणि तिला जोरच चढला. “पाहा इहीनबाई! माह्या घरी एक दिस ताप नाई. तुमचंच पाणी बाधलं पोरीले. उद्याच घेऊन जातो आम्ही.”

झुंबरबाईचं तोंड एवढंसं झालं. आपल्याच हातच्या घासाने लेक आजारी पडली, असं तिच्या मनाने घेतलं होतं. “न्या,” ती म्हणाली. “तिथं तरी बरी राहीन.”

शालू बोचकं बांधू लागली. मला तर काहीच सुचेना. ती परत गेली तर मी झोपणार आणि ती झुरणार. राहिली तर मी जागणार आणि तिला खाणार. मी तिचा वैरी, यात दुमत नाही. पण तिची उपासमार माझ्याइतकी कुणाला ठाऊक होती? आम्ही एकाच पंगतीला उपाशी बसलेलो. त्या वेळी मला वाचा असती तर मी बोंब ठोकली असती.

सासरी जाताना हिरवा चुडा हवा, म्हणून अख्तरी पुन्हा आली. तिने मागच्याच मापाची बांगडी काढली आणि शालूच्या हातावर चढवली. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. तेलाचं बोट लावलं, हात दाबला, तरी सरेना. कट्ट आवाज झाला आणि बांगडी वाढली.

“या अल्ला,” अख्तरी चरकली. “काकी, पोरीले ताप येते म्हणता न व? तापानं हात वाळते. हिचा तं भरला! आली तवा हातात हाडंच होती.”

झुंबरबाईने लेकीचं मनगट हातात धरून पाहिलं. मग एकदम तिच्यापुढे बसली. “शालू, तिथं काय जेवत होती तू?”

शालू अखेर बोलली. “उरलं तं भेटे, माय. रोज नाई उरे.”

सुभद्राबाई उसळली, “खोटी! उपाशी असती तं इथंच काऊन ताप येते? तिथं काऊन नाई?”

झुंबरबाई उठली. आवाज चढवला नाही तिने. “कीड भरल्या कणगीले लागते, इहीनबाई. रिकाम्या कणगीत ते काय खाईन?”

जे मला जन्मभर कुणाला सांगता आलं नव्हतं, ते या बाईने धान्याच्या कणगीवरून सांगून टाकलं.

“मंग काय पोरगी घरी बसवता?” सुभद्राबाईने बजावलं. “लोक थुंकतीन.”

“थुंकू द्या. जेवत तं बसन.”

सुभद्राबाई तणतणत गाडीत बसली. झुंबरबाईने नवऱ्याला, निवृत्तीला, टपालवाल्याकडे पिटाळलं. आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात सरकार टपालातून कोयनेलच्या, म्हणजे हिवतापावरच्या कडू औषधाच्या पुड्या विकतं, हे मला तेव्हा कळलं.

आज शालूपुढे ताट आहे. वरण, तूप, दूध, सगळं. झुंबरबाई कोयनेल घेऊन शेजारी बसली आहे. “आधी जेव, मंग कडू.” पुडी कालपासून सुरू आहे. माझे निम्मे मी कुठे गेले, कळत नाही. जेवण येतंय आणि त्याच्या मागोमाग मरणही येतंय. भूक लागली म्हणू की भीती वाटते म्हणू, माझं मलाच समजत नाही. पण शालू घास घेते तेव्हा बरं वाटतं, हे मात्र खरं.

तुम्हाला हात जोडून सांगतो. मला मारा, माझी तक्रार नाही. पण पोरीला उपाशी ठेवून मला झोपवू नका. मला मारायचं तर तिला पोटभर जेवू घालून मारा.